हरियाणातले निकोबार

पाप कुठे करावे आणि प्रायश्चित्त कुठे घ्यावे, याचा आपल्या स्मृतिकारांनी पुष्कळ काथ्याकूट केला. पण पाप बंगालच्या उपसागरात आणि प्रायश्चित्त अरवलीच्या पायथ्याशी, ही सोय त्यांच्यापैकी एकालाही सुचली नाही. त्यासाठी केंद्रीय पर्यावरण मंत्रालय जन्माला यावे लागले. ग्रेट निकोबार बेटावर मालवाहू जहाजांचे मोठे बंदर, विमानतळ, वीज प्रकल्प आणि एक नवे कोरे शहर उभे राहायचे आहे. त्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर वनजमीन वळती होणार आणि सरकारनेच संसदेत सांगितलेल्या अंदाजाप्रमाणे ९.६४ लाख झाडे जाणार. त्यांच्या बदल्यात झाडे लागणार ती हरियाणात. का, तर अंदमान-निकोबारमध्ये आधीच इतके जंगल आहे की नवे लावायला रिकामी जागा नाही, आणि हरियाणात जंगल चार टक्क्यांहूनही कमी आहे. या तर्कात खोट काढणे अवघड आहे. ज्याने जंगल राखले त्याच्याकडे जागा नाही, हा त्याचा दोष. ज्याने संपवले त्याच्याकडे जागाच जागा, हे त्याचे भाग्य.

या योजनेची माहिती संबंधितांपर्यंत पोहोचली आहे की नाही, हे मात्र कळायला मार्ग नाही. निकोबारी मेगापोड नावाचा पक्षी पालापाचोळ्याचे आणि मातीचे ढिगारे रचतो आणि त्या कुजणाऱ्या पाल्याच्या उबेवर आपली अंडी उबवतो. त्याने आता काय करावे? गॅलेथिया खाडीच्या वाळूत लेदरबॅक कासवे, म्हणजे जगातली सर्वांत मोठी समुद्री कासवे, हजारो किलोमीटर पोहून अंडी घालायला येतात. त्यांच्यासाठी १९९७ मध्ये घोषित झालेले अभयारण्य २०२१ च्या जानेवारीत रद्द करण्यात आले. त्याच सुमारास केंद्राने सागरी कासवांच्या संरक्षणाचा राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला आणि त्यात अंडी घालण्याच्या महत्त्वाच्या जागांमध्ये गॅलेथियाचे नाव आहे. दोन्ही कागद एकाच मंत्रालयाच्या दारातून बाहेर पडले. कासवाने कोणता खरा मानायचा, ते त्याच्या विवेकबुद्धीवर सोडलेले दिसते. शेजारच्या लिटल निकोबार बेटावर कासवांसाठी नवे अभयारण्य जाहीर झाले आहे. म्हणजे बदलीचा हुकूम निघाला. आता कासवांनी रुजू व्हायचे तेवढे बाकी. प्रवाळांच्या सोळा हजारांहून अधिक वसाहती उचलून दुसरीकडे नेण्याचीही योजना आहे. प्रवाळ स्वतः हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबत शिस्तभंगाचा प्रश्न येत नाही.

हसून झाले की यातली गंभीर गोष्ट पाहावी. निसर्गाचे आपण काही देणे लागतो, हे सरकार नाकारत नाही, कंपन्या नाकारत नाहीत, तुम्ही-आम्ही तर मुळीच नाकारत नाही. ५ जूनला, पर्यावरणदिनी, आपण सगळेच ऋणी असतो. वाद देणे आहे की नाही याचा नाही; ते फेडायचे कसे, याचा आहे. आणि इथे आपण जगातल्या कोणत्याही कर्जदाराला हेवा वाटेल अशी व्यवस्था लावली आहे. किती देणे आहे हे ऋणको ठरवतो. कोणत्या चलनात फेडायचे, तेही तोच ठरवतो. कुठे, केव्हा आणि कोणाला द्यायचे, हेही त्याच्याच हातात. आणि फिटल्याची पावती तो स्वतःच स्वतःला देतो. धनको एकतर तोडला गेलेला असतो किंवा त्याला वाचा नसते. सहकारी पतसंस्थांच्या इतिहासातही इतकी मोकळीक कोणाला मिळालेली नाही, आणि तिथला इतिहास काही सामान्य नाही. भरपाईच्या या यंत्रणेने जंगल वाचत नाही, अशी तक्रार पर्यावरणवाले करतात तेव्हा ते यंत्रणेचा उद्देशच चुकीचा धरतात. ती जंगल वाचवायला उभारलेली नाहीच. तोडणाऱ्याचे मन वाचवायला ती उभारली आहे, आणि त्या कामात तिचे यश वादातीत आहे.

महाराष्ट्र या बाबतीत मागे नाही. शहरांतल्या झाडांसाठी आपल्याकडे १९७५ पासून कायदा आहे. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा मान मिळाला. झाड तोडायचेच झाले तर त्याचे जितके वय, तितकी नवी झाडे लावायची, असाही नियम आला. हेतू चांगला होता, यात शंका नाही; तोडणे महाग पडावे, हाच तो हेतू. पण हिशेबाची गंमत पाहा. ऐंशी वर्षांचा वड गेला तर ऐंशी रोपे. म्हणजे घरातले ऐंशी वर्षांचे आजोबा गेले तर बालवाडीतली ऐंशी मुले आणून ओसरीवर बसवायची आणि म्हणायचे, वय जुळले. वडाच्या ढोलीत राहणारा पिंगळा, त्याच्या फळांवर येणारे हरियल, पारंब्यांतल्या मुंग्या, रात्री येणारी वटवाघळे यांना रोपांच्या ट्रीगार्डमध्ये जागा मिळत नाही. कायद्याने झाडाचे वय मोजले; त्या वयात झाडाने काय काय जमवले, ते मोजायला रकाना नव्हता. त्यातही रोपे लागली, जिओटॅग झाली, सात वर्षे त्यांची निगा राखली गेली, असे गृहीत धरून हे चालले आहे. हे गृहीत किती मोठे आहे, ते आपल्या गल्लीतले रिकामे ट्रीगार्ड पाहून कोणालाही समजेल.

याहून पक्का हिशेब जंगलाच्या दराचा आहे. वनजमीन वळती करताना प्रकल्पवाल्याने तिचे निव्वळ वर्तमान मूल्य भरावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे. २००८ मध्ये हा दर हेक्टरी ४.३८ लाख ते १०.४३ लाख रुपये होता. २०२२ मध्ये तो ९.५७ लाख ते १५.९५ लाखांवर गेला. लाखांचे आकडे ऐकून मराठी माणूस दबतो, म्हणून ते त्याला समजणाऱ्या मापात सांगितले पाहिजेत. एका हेक्टरात एक लाख सात हजारांहून जास्त चौरस फूट बसतात. तेव्हा देशातल्या सर्वांत घनदाट, सर्वांत मौल्यवान जंगलाचा दर पडतो चौरस फुटाला पंधरा रुपयांच्या आत. त्यात झरे, माती, बिबट्या, पाऊस धरून ठेवण्याची शक्ती, हवा, सगळे आले. पार्किंगचे वेगळे पैसे नाहीत. मुंबई-पुण्यात याच मापाला हजारो रुपये मोजणारा ग्राहक जाहिरातीत मात्र ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शब्द पाहूनच चेकबुक काढतो. म्हणजे कुशीची किंमत हजारोंत आणि निसर्गाची पंधरा रुपये.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. किंमत लावली नाही तर फाइलमध्ये जंगलाची किंमत शून्य धरली जाते. पूर्वी तसेच होत असे. धरण, खाण, रस्ता यांच्या खर्चात जंगलाची ओळच नसे. आता निदान ती ओळ आहे, आणि तिच्यातून पैसाही आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने २७ राज्यांना या खात्यातले ४७,४३६ कोटी रुपये वाटले. शून्यापेक्षा पंधरा बरे, हे कोण नाकारील? पण किंमत दोन कारणांसाठी लावता येते. घेणाऱ्याने हात आखडता घ्यावा म्हणून, किंवा घेणाऱ्याला घेणे सोपे जावे म्हणून. हजारो कोटींच्या प्रकल्पाला पंधरा रुपये चौरस फूट हा अडथळा वाटत नाही; तो त्याला किरकोळ खर्चात दिसतो. आणि एकदा दर ठरला की ‘हे करावे का’ हा प्रश्न गुपचूप बाहेर जातो आणि त्याच्या खुर्चीवर ‘किती भरायचे’ हा प्रश्न येऊन बसतो. पहिल्या प्रश्नाला नाही हे उत्तर असू शकते. दुसऱ्याला फक्त आकडा लागतो. शिवाय पैसे भरल्यावर पुढे काय होते, तेही नोंदलेले आहे. २००६ ते २०१२ या काळात वळत्या झालेल्या जंगलाच्या बदल्यात १,०३,३८१ हेक्टर बिगरवन जमीन मिळायला हवी होती. कॅगने २०१३ च्या अहवालात दाखवले की मिळाली २८ हजार हेक्टरांच्या आसपास, आणि त्यातही प्रत्यक्ष लागवड झाली ती ७,२८० हेक्टरांवर. शंभरातली सात. शाळेत याला नापास म्हणतात. शासनात पुढच्या वर्षीची तरतूद.

सात टक्के लागवड होऊनही देशाचे हरित क्षेत्र दर अहवालात वाढत जाते, याचे कोडे ज्यांना पडते त्यांनी जंगलाची व्याख्या वाचावी. एक हेक्टरहून मोठी जागा, तिच्यावर दहा टक्क्यांहून जास्त झाडोरा, की झाले वनाच्छादन. मालकी कोणाचीही असो, झाड कोणतेही असो. उपग्रहाला वरून हिरवे दिसले म्हणजे पुरे. त्यामुळे देवगड-रत्नागिरीच्या हापूसच्या बागा आणि काजूची कलमे दिल्लीच्या नकाशात वन म्हणून मिरवतात. याउलट मुंबईच्या आरेमध्ये बिबटे राहतात, तरी कागदोपत्री ते जंगल नव्हते. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने मेट्रोच्या कारशेडसाठी होणाऱ्या झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या, आणि सोमवारी ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबा म्हणेपर्यंत २,१४१ झाडे तोडून झाली होती. सरकारी कामाला वेळ लागतो, असे म्हणणाऱ्यांनी हा शनिवार-रविवार लक्षात ठेवावा. तेव्हा ज्या जागी बिबट्या आहे ते जंगल नाही आणि ज्या जागी आंब्याची पेटी भरते ते जंगल आहे. बिबट्याने सातबारा काढायला हवा होता.

इथे कोणीतरी उठून म्हणेल, आणि म्हणायलाच हवे, की मग मेट्रो नको का? लोकलच्या दारात लटकून माणसे पडतात, त्यांचे काय? आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ही भुयारी मेट्रो २०२४ च्या ऑक्टोबरात धावू लागली. तिच्यातून जाणाऱ्यांत त्या वेळी निदर्शने करणारेही असतीलच. असावेतच. मेट्रोमुळे गाड्या कमी होतील, धूर कमी होईल, हे खरे आहे. निकोबारचे बंदर देशाच्या संरक्षणासाठी लागेल, हाही युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मलाक्काची सामुद्रधुनी तिथून जवळ आहे. माणसाला जगायचे तर काहीतरी मोडावे लागते. शेती हीच मुळात जंगलाची मोडतोड आहे आणि हा लेख ज्या कागदावर छापला जातो तो आकाशातून पडत नाही. पण गरज सिद्ध झाली म्हणून नुकसान रद्द होत नाही. शस्त्रक्रियेत पाय कापावा लागला तर डॉक्टर असे सांगत नाही की तुमचा पाय हरियाणात लावला आहे, तुम्ही दोन पायांचेच आहात. ‘आम्हाला हे करणे भाग होते, हे परत येणार नाही आणि याची भरपाई नाही,’ असे एखाद्या मंजुरीच्या पत्रात लिहून आले तर त्या पत्राचा आदर करता येईल. अशा पत्रावर सही करताना हात थोडा तरी अडखळेल. भरपाईच्या तक्त्यावर सही करताना तो अडखळत नाही. उलट तक्त्यात दहापट झाडे दाखवलेली असतात, त्यामुळे सही करणाऱ्याला आपण जंगल वाढवूनच उठलो, असे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक लाडका आहे. पश्चिमेने निसर्गाला वस्तू मानले, आपण देव मानतो. आपल्याला नीती कोण शिकवणार? खरेच, आपण मानतो. आपट्याला सोने मानून दसऱ्याला ओरबाडतो, वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या बाजारात जुडीने विकत घेतो, नदीला आई म्हणून तिच्यात सोडू नये ते सोडतो. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प केला. आकडा देवांकडून उसना घेतला होता, आणि त्यांतल्या बहुतेक झाडांबाबत देवांप्रमाणेच श्रद्धेवर निभावून न्यावे लागते. नाशिकच्या तपोवनात तर श्रद्धेचीच श्रद्धेशी गाठ पडली. ज्या अरण्यात रामाने वनवास काढला असे आपण मानतो, तिथे कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी २०२५ च्या अखेरीस सुमारे अठराशे झाडांवर नोटिसा लागल्या. नाशिककर रस्त्यावर आले तेव्हा उत्तर म्हणून आंध्रातल्या राजमुंद्रीहून तयार झाडे आणण्याची घोषणा झाली. तप करायला येणाऱ्यांसाठी तपाचे वन तोडायचे आणि ट्रकमधून दुसरे मागवायचे. रामाला ही सोय असती तर चौदा वर्षे कशाला लागली असती?

आपल्या परंपरेत अभिमान धरण्यासारखे काही असेल तर ते या उत्सवांत नाही. ते सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या देवरायांत आहे, आणि ते फारसे गोड नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. आजूबाजूचे डोंगर उघडे पडले तरी देवाच्या नावाने राखलेले हे तुकडे टिकून होते. ते गावकऱ्यांना परिसंस्थेचे ज्ञान होते म्हणून किंवा झाडांवर प्रेम होते म्हणून टिकले, असे गोड चित्र रंगवायचे कारण नाही. ते मुख्यतः धाकाने टिकले. वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, उचलली तर देव बघून घेईल. धाक हा नीतीचा उच्च पाया नव्हे, हे मान्य. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती, जी आपल्या मंजुरीच्या व्यवस्थेत नाही. झाड तोडायचे तर देवाला कौल लावावा लागे, आणि कौल उजवा पडेल की डावा, हे आधी ठरलेले नसे. देव नाही म्हणू शकत असे. आणि तो नाही म्हणाला तर त्याला शेजारच्या गावात दुसरी राई दाखवून पटवता येत नसे. आजच्या समित्या कौल लावतात तेव्हा नकार क्वचितच येतो. येतात त्या अटी, आणि अटींची पूर्तता कागदावर होते. देवराया तरी कुठे सुखात आहेत म्हणा. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अनेक ठिकाणी राईचे मोठे वृक्ष गेले आणि त्यांच्या जागी काँक्रीटचे देऊळ, फरशी आणि सभामंडप आला. देवाच्याच हातून देवाची राई तोडून घेण्याची ही युक्ती मात्र शंभर टक्के देशी आहे.

शेवटचा आरोप असा की झाडाकासवांची कणव बाळगणाऱ्यांना माणसे दिसत नाहीत. वस्तुस्थिती उलटी आहे. हीच भरपाईची पद्धत आपण माणसांवर आधी वापरून पाहिली. कोयनेच्या धरणासाठी उठवलेल्या गावांना पर्यायी जमीन सोलापूर, सांगली, ठाणे, रायगड अशी कुठे कुठे दाखवली गेली. त्यानंतर साठ वर्षे उलटली तरी जमिनीच्या हक्कासाठी त्यांची नातवंडे अजून आंदोलनाला बसतात. जी गावे खोऱ्यात उरली त्यांच्यावर १९८५ मध्ये अभयारण्य आले आणि २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प. आधी विजेसाठी माणसे हलवली, मग जंगलासाठी. निकोबारमध्येही २००४ च्या त्सुनामीने विस्थापित झालेले निकोबारी आपल्या मूळ गावी परत जाऊ द्या, असे मागत होते. ती गावे आता प्रकल्पाच्या नकाशात आहेत. त्यांच्या आदिवासी परिषदेने दिलेले ना हरकत पत्र २०२२ च्या नोव्हेंबरात परत घेतले. पत्र देण्याची सोय फाइलमध्ये होती, परत घेण्याची नव्हती. तेव्हा निसर्गाशी आपण भेदभाव करतो, असे म्हणता येणार नाही. ज्याला विशिष्ट जागेशिवाय जगता येत नाही, त्या प्रत्येकाला, मग तो कासव असो की कातकरी, आपण एकाच न्यायाने वागवतो: तुमची जागा आम्हाला हवी आहे, तुम्हाला दुसरी चालेल.

धोरणे बदलायची तेव्हा बदलतील. पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राची अधिसूचना २०१४ पासून मसुद्यावर मसुदा काढत २०२४ मध्ये सहाव्या मसुद्यापर्यंत आली आहे, यावरून वेगाची कल्पना यावी. तोवर वाचकांनी एवढेच करावे. तुमच्या वॉर्डातल्या एखाद्या झाडावर नोटीस चिकटवलेली दिसली तर ती वाचा. तिच्या मागच्या प्रस्तावात किती झाडे तोडणार आणि किती लावणार, हे असते. ती कुठे लावणार, सात वर्षे पाणी कोण घालणार आणि हे झाड न तोडता काम होईल का, याचा विचार कोणी आणि कधी केला, हे लेखी विचारा. हरकत साध्या कागदावर, मराठीत लिहिली तरी चालते, आणि मुदत फार थोडी असते.